किनाऱ्यावर ठेवलेले सुके मांस

माझ्या एका मित्राने आपल्या आजोबांच्या शिकारीच्या आठवणी दोनशे पानी वहीत लिहून काढल्या आहेत. तिला मी प्रस्तावना लिहावी असा त्याचा आग्रह आहे. वही चार महिने माझ्या टेबलावर पडून आहे आणि प्रस्तावना मला लिहिता आलेली नाही. ती का लिहिता आली नाही, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. प्रश्न एका वहीचा असता तर तो आम्ही दोघांत मिटवला असता. पण ज्या जातीच्या वाङ्मयावर आमची मैत्री पोसली त्या वाङ्मयाचाच हा प्रश्न आहे, असे आता मला वाटू लागले आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला, त्या सुमारास मालवणच्या किनाऱ्यावर आम्ही तिघे मित्र होतो. एक गाबिताचा, त्याच्या घरची रापण होती. दुसरा मराठ्याचा; त्याच्या माळ्यावर शेताच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक होती. तिसरा मी, बौद्धवाडीतला. तिघांना वेड एकच. एकटा माणूस निर्जन बेटावर, रानात, बर्फात किंवा भर समुद्रात सापडतो आणि हाताशी असेल त्यावर तगून राहतो, अशा गोष्टी आम्ही वाचनालयातून आणून वाचत असू. मुलांसाठी केलेला मराठी 'रॉबिन्सन क्रूसो' आधी आला. मग पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या कादंबरीचा केलेला 'एका कोळियाने' (१९६५) हा अनुवाद, मग जी. ए. कुलकर्णी यांनी मराठीत आणलेले कॉनरॅड रिक्टरचे 'रान'. कॉलेजात इंग्रजी थोडे वश झाल्यावर जॅक लंडन आणि संपूर्ण क्रूसो. संध्याकाळी रेतीत बसून वाद चाले, की आपल्याला बेटावर टाकले तर कोण किती दिवस टिकेल?

हा वाद आमच्यापुरता पुस्तकी नव्हता. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पूर्वी पावसाचे चार महिने दर्या बंद म्हणजे बंदच. तेव्हा आगोटीची बेगमी हाच प्रत्येक घराचा तगण्याचा शास्त्रग्रंथ. गाबीत मित्राची आई बांगडे चिरून, आतडी काढून मिठाच्या थरांत दाबी, गोलमो रेतीवर पसरी, मोरीच्या पट्ट्या दोरीवर घाली. मराठा मित्राच्या घरी डुकराचे मांस टिकवण्याची रीत होती. आमच्या वाडीतही तीच. चरबी आधी काढून टाकायची, कारण ती खवट होते. लाल मांसाच्या धाग्याच्या दिशेने लांब पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि चुलीवरच्या धुरात टांगायच्या. पावसात ऊन कुठले? धूरच कामाला येई. पट्टी जाड राहिली की आतून कुजे. हे माझ्या आजीला जितके कळत होते तितके क्रूसोलाही कळत नसावे.

तिघांना एकच पुस्तक एकसारखे वाचता येत नाही, हे आम्हाला 'एका कोळियाने'ने प्रथम शिकवले. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा सांतियागो एकटा खोल दर्यात जातो, प्रचंड मासा गळाला लागतो, तीन दिवस झुंज होते. आम्ही भारावून गेलो होतो. मित्राने ती गोष्ट आपल्या वडिलांना सांगितली. ते जाळे विणत होते. मान वर न करता म्हणाले, "एकटो कित्याक गेलो? आणि मीठ सुदिक घेवक नाय तेना?" आम्ही हसलो. पण पुस्तक उघडून पाहा. कच्चा मासा खाताना म्हाताऱ्याला मिठाचीच आठवण होते. दिवसभर होडीच्या नाळेवर पाणी शिंपडत राहिलो असतो तर ते सुकून मीठ झाले असते, असे तो स्वतःला बोल लावतो. शिरोड्याची मिठागरे जिथून जवळ, जिथे १९३० साली मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तिथल्या मच्छीमाराला हा दोष पहिल्या क्षणी दिसला. मासळी धरणारा आणि मासळी टिकवणारा हे त्याच्या हिशेबात दोन नव्हते. आणि दर्यात एकट्याने जाणे हा त्याला पराक्रम वाटला नाही, ती आपत्ती वाटली. रापण वीस-पंचवीस माणसांनी ओढायची असते. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो.

मला मात्र त्याच पुस्तकातले दुसरे ठिकाण टोचले. मासा अजून जिवंत आहे, ओढतो आहे, आणि म्हातारा मनाशी विचार करतो, की हा किती माणसांचे पोट भरील. लगेच त्याला वाटते, की ही माणसे याला खायला लायक आहेत काय? नाहीत. मित्रांना यात माशाबद्दलचा आदर दिसला. मलाही तो दिसतो. पण खायला कोण लायक, हा प्रश्न ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला त्यांच्या कानाला हे वाक्य वेगळे ऐकू येते. हेमिंग्वेचा त्यात दोष नाही. वाचक कुठून आला आहे हे पुस्तकाला ठाऊक नसते, समीक्षकाला मात्र ठाऊक असले पाहिजे.

आता क्रूसोकडे येतो. डॅनिएल डिफोचे हे पुस्तक १७१९ सालचे. सगळे तगण्याचे वाङ्मय त्याचेच वंशज म्हणून मिरवते. मुलांच्या आवृत्तीत क्रूसो थेट बेटावरच येऊन पडतो. संपूर्ण पुस्तकात तो बेटावर का आला हे स्पष्ट लिहिलेले आहे: तो ब्राझीलमधला मळेवाला आहे आणि मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असताना त्याचे जहाज फुटते. जहाज फुटल्यावर तो त्यातून जे अन्न काढतो त्यात बकऱ्याच्या सुक्या मांसाचे पाच तुकडे असतात. म्हणजे ज्या साठ्यावर तो पहिले दिवस काढतो तो गुलामांच्या व्यापाराचा शिधा आहे. पुढे मळ्यांवरील गुलामांना हेच खारवलेले, वाळवलेले मांस आणि सुकी मासळी घालून राबवण्यात आले, हा ब्राझीलचा आणि कॅरिबियन बेटांचा इतिहास आहे.

याच्याही आधीचा एक प्रसंग आहे आणि या लेखाचे शीर्षक त्यावरून घेतले आहे. क्रूसो स्वतः गुलामीतून पळालेला आहे, सोबत झुरी नावाचा पोरगा आहे. दोघे आफ्रिकेच्या किनाऱ्याने होडी हाकीत चालले आहेत. अन्न संपले आहे. किनाऱ्यावरचे काळे लोक खुणेने त्यांची गरज ओळखतात, दोन तुकडे सुके मांस आणि थोडे धान्य आणतात, किनाऱ्यावर ठेवतात आणि दूर जाऊन उभे राहतात. होडीवाले उतरून ते घेतात, मग ते लोक पुन्हा जवळ येतात. नंतर क्रूसो बंदुकीने एक बिबट्या मारतो. त्याचे मांस ते लोक खातात आणि कातडे क्रूसोला देतात. पुढे हाच क्रूसो झुरीला साठ नाण्यांना एका कप्तानाला देऊन टाकतो, आणि काही वर्षांनी माणसे आणायला त्याच आफ्रिकेकडे निघतो.

हा उतारा मी माझ्या मित्रांना वाचून दाखवला तो दिवस मला चांगला आठवतो. त्याआधी मराठा मित्र आपल्या आजोबांच्या शिकारीतले वाटे सांगत होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीच्या त्या शिकारी. गोळी लागलेल्याचा वाटा, देवस्थानाचा मान, गावच्या मानकऱ्यांचा मान, मग बाकीच्यांचे वाटे, कुत्र्यांचासुद्धा वाटा. माझे वडील त्या शिकारीत हाकारे म्हणून जात. मी सहज विचारले, आमचा वाटा कुठे देत असत? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गडग्याभायर फातरार ठेवचे. मगे तुझो बापूस न्हेवचो." खोटे बोलण्याचा त्याचा स्वभाव नाही, म्हणूनच तो माझा मित्र. मी क्रूसो उघडला आणि किनाऱ्यावर ठेवलेल्या सुक्या मांसाचे ते पान वाचले. तिथे ठेवणारे दूर उभे राहिले ते बंदुकीच्या भयाने. इथे ठेवणारा मागे सरला ते विटाळाच्या भयाने, आणि बंदूकही त्याचीच होती. तिघेही बराच वेळ काही बोललो नाही.

आज माझ्यासमोर जी वही आहे तिच्यात हा फातर नाही.

वहीची भाषा मात्र रसरशीत आहे, हे मी आधी कबूल करतो. रात्री डुकरांनी नासलेली भाताची खाचरे, पहाटेचे धुके, ठासणीत दारू भरताना आजोबांचा थरथरणारा हात. हे लिहायला नजर लागते, ती माझ्या मित्राकडे आहे. पण पानोपानी एक वाक्य येते: "हाकारे सुटले आणि रान उठले." रान उठले. उठवले कोणी? काट्याकुट्यांतून, अनवाणी, हातात डबा आणि काठी घेऊन, जखमी डुकराच्या वाटेत जाऊन ते कोणी उठवले? कुत्र्यांना वहीत नावे आहेत, वाघ्या आणि मोत्या. हाकाऱ्यांना नाव नाही. मराठीतले बहुतेक शिकारवाङ्मय असेच माचाणावरून लिहिलेले आहे. माचाणावरून रान सुंदर दिसते. खाली जो आहे त्याला ते फक्त जवळून दिसते. जिम कॉर्बेटसारख्या साहेबाने निदान 'माय इंडिया' (१९५२) मध्ये बंदूक बाजूला ठेवून मोकामे घाटावरच्या चमारी नावाच्या अस्पृश्य मुकादमावर आदराने एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. आमच्या शिकारकथाकारांना तेवढीही सवड झाली नाही.

यावर कोणी विचारील, की मग हे वाङ्मय दलित वाचकाने फेकून द्यावे काय? माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. जॅक लंडनची 'लव्ह ऑफ लाइफ' ही १९०५ सालची कथा पाहा. साथीदाराने सोडून दिलेला, उपाशी, सरपटत चाललेला माणूस शेवटी जहाजावर वाचतो, आणि भरपूर अन्न मिळत असतानाही खलाशांकडून बिस्किटे मागून आपल्या गादीत लपवून ठेवतो. लेनिनच्या मृत्यूआधी दोन दिवस, जानेवारी १९२४ मध्ये, क्रुप्सकायाने ही कथा त्याला वाचून दाखवली आणि ती त्याला फार आवडली. भूक संपल्यावरही भुकेचे भय संपत नाही, हे ज्याने लिहिले तो आपलाच लेखक आहे. माझ्या आईने नोकरदार मुलाच्या घरी शेवटपर्यंत गोलम्याचा एक डबा खाटेखाली ठेवला होता. मला तो लंडनमुळे कळला, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. या कथांतला आनंद एका गृहीतावर उभा आहे. भूक हा अपघात आहे, जहाज फुटले म्हणून आली, आणि एक दिवस दुसरे जहाज येऊन माणसाला समाजात परत नेईल. क्रूसो अठ्ठावीस वर्षांनी परत जातो आणि श्रीमंत होतो. पण ज्याचे बेट म्हणजे त्याचे गावच आहे, त्याला न्यायला जहाज कुठून येणार?

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी अशी माझी विनंती आहे. मुंबईच्या उपनगरातली खाण बंद पडते, भीमाचे काम जाते. घरी लेक आहे, पोट आहे. तो रात्री स्मशानात जाऊन प्रेते उकरतो आणि मढ्याबरोबर पुरलेले सोने शोधतो. तिथे प्रेतावर टपलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. मराठीतले इतके अंगावर येणारे शिकारदृश्य मी दुसरे वाचलेले नाही. येथे माणूस जनावराची शिकार करीत नाही. दोघेही एकाच मढ्याचे दावेदार आहेत. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, ती त्याला गमवावी लागतात, आणि त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. क्रूसोचे जहाज वादळाने फुटले होते, भीमाची खाण माणसांनी बंद केली होती आणि माणसांनीच चालू केली. एवढा एक फरक ध्यानात घेतला की तगण्याची कथा आणि दलित कथा यांतले अंतर समजते. तरीही आपल्या अभ्यासक्रमात पहिलीला 'साहसकथा' म्हणतात आणि दुसरीला 'वास्तववादी'.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) संतामाय शेणातून ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्याची भाकरी खाते. क्रूसो झटकून टाकलेल्या दाण्यांतून जव उगवलेले पाहून देवाचे आभार मानतो. संतामायला आभार मानायला कोणी नाही. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) तर आमच्याच कोकणातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या आहेत. बंदूक नाही, बेट नाही, फ्रायडे नाही. फ्रायडेवरून आठवले. क्रूसो त्याला आधी आपले नाव 'मालक' असे शिकवतो आणि मग मांसाला मीठ लावून खायला शिकवू पाहतो. फ्रायडे बाकी सारे शिकतो, पण मीठ थुंकून टाकतो. त्या पुस्तकात त्याने केलेला एवढाच नकार मला सापडला.

परंतु आता आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल.

माझी आजी डुकराच्या वाट्याविषयी मोकळेपणाने बोले. पट्ट्या कशा कापायच्या, मीठ किती, धूर कोणत्या लाकडाचा, सारे हातवारे करून सांगे. मी एकदा विचारले, मेलेल्या गुरांचे मांसही असेच वाळवीत होतात काय? ती उठली आणि म्हणाली, "ता इचारू नको." हात तेच, सुरी तीच, धूर तोच. एक सांगण्याजोगे, दुसरे न विचारण्याजोगे. लाज मांसात नव्हती, ते ज्या वाटेने घरात आले त्या वाटेत होती.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मृत मांस सोडण्याचे आवाहन केले तेव्हा त्यांनी नेमकी ती वाट बंद केली. माझ्या आजोबांनी ते सोडले, आणि त्या त्यागावर आमची पुढची पिढी उभी राहिली. त्याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध शोधला तो काही खाणाऱ्यांना हिणवण्यासाठी नव्हे, हिणवणाऱ्यांचा इतिहास उघडा करण्यासाठी. सोडणे आणि विसरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आम्ही सोडले ते योग्य केले. पण सोडता सोडता, एका उपाशी वस्तीने सडणाऱ्या अन्नावर मात करण्याची जी विद्या कमावली होती तिचेही नाव घेणे बंद केले. आमच्या आत्मकथनांनी मढ्यावरची झोंबाझोंबी लिहिली, अपमान लिहिला. वाळवणाऱ्या बाईचे कसब फार थोड्यांनी लिहिले. कॅनडातल्या मूळनिवासींच्या पेमिकनवर, म्हणजे सुके मांस आणि चरबी यांच्या मिश्रणावर, फर व्यापारातल्या कंपन्या चालल्या आणि त्यासाठी लढल्याही. ते जगाच्या इतिहासात नोंदले गेले. आमच्या चान्या कुठे नोंदल्या गेल्या?

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले तेव्हा माझ्या मते हा कोंडा प्रथमच नीट फुटला. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे, चान्यांसह. त्यात रडगाणे नाही आणि फुशारकीही नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आमच्या कोकणात 'चानी' म्हटले की लोकांना खार आठवते, वाचणाऱ्यांना वेंगुर्ल्याकडच्या चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी. वाळवलेल्या मांसाला देशावर हाच शब्द आहे हे मला पाटोळे वाचण्याआधी ठाऊक नव्हते. माझ्या आजीचा शब्द कोणता होता, तो तिने सांगितला नाही आणि मीही पुन्हा विचारला नाही.

म्हणून मित्राच्या वहीचा प्रश्न मला एकतर्फी वाटत नाही. त्याच्या वहीत फातर नाही हा त्याचा दोष. पण त्या फातरावरचा वाटा उचलून घरी नेणाऱ्याने, चुलीवर टांगणाऱ्या बाईने काय केले, हे मी तरी कुठे लिहिले? तो निदान आपल्या आजोबांची दारू-गोळी लिहून बसला आहे. माझ्याकडे आजीच्या धुराची एक ओळही नाही.

गेल्या आठवड्यात तो आला होता. गाबीत मित्रही होता. गुडघे दुखतात म्हणून तो आता रापणीला जात नाही. चहा झाल्यावर मराठा मित्राने विचारले, प्रस्तावना झाली काय? मी म्हटले, तुझे हाकारे निनावी आहेत. तो म्हणाला, मला नावे ठाऊक नाहीत, आजोबांनी कधी सांगितली नाहीत. हे खरे असणार. माझ्या वडिलांनी मात्र मला सांगितली होती. त्यांच्यासह वाडीतले चौघे. ती चार नावे मी एका कागदावर लिहून वहीत, "रान उठले" त्या पहिल्या पानाशी ठेवली आहेत. गडग्याबाहेरच्या फातराबद्दल त्याचे त्याने लिहायचे आहे. वही उद्या परत देतो आहे.